ग्रामस्वच्छतेचा निधी आणि उत्तरदायित्वाची दिशा : एक चिकित्सा

प्रस्तावना

ग्रामीण स्वच्छता हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील जुना आणि जिव्हाळ्याचा विषय आहे. गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) हाती खराटा घेऊन गावोगावी हा विषय लोकांच्या अंगणापर्यंत नेला. त्यांच्याच नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ या वर्षी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तेव्हापासून पाव शतकाचा काळ लोटला. या काळात योजना बदलल्या, त्यांची नावे बदलली आणि निधीचे आकडे कितीतरी पटींनी वाढले. मात्र निधी खर्च झाल्यावर त्याचा जाब कोणी, कोणाला द्यायचा, या प्रश्नाकडे आपल्या धोरणचर्चेत फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

प्रस्तुत लेखामागे एक साधा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष हिवाळी शिबिरासाठी आमचे विद्यार्थी एका गावात सात दिवस मुक्कामास होते. पहिल्या दोन दिवसांत गल्लीबोळ झाडून त्यांनी ट्रॉलीभर कचरा गोळा केला. तो टाकायचा कोठे, असे विचारता गावाबाहेरील घनकचरा शेडकडे बोट दाखविण्यात आले. शेडच्या भिंतीवर योजनेचे नाव, मंजूर रक्कम आणि काम पूर्ण झाल्याचे वर्ष रंगविलेले होते. दाराला कुलूप होते. आत कोणाचा तरी कडबा रचून ठेवलेला होता. शेवटी तो कचरा, गावातील सारा कचरा जेथे जातो, त्या ओढ्याच्या काठी रिकामा करावा लागला. सरपंचांना याविषयी विचारले असता ते म्हणाले, "शेड बांधायला पैसे आले, सर. चालवायला कोण देतंय?" त्याच संध्याकाळी बौद्धिक सत्रात एका विद्यार्थिनीने विचारले, "मग आपण साफसफाई केली, की नुसती कचऱ्याची जागा बदलली?"

त्या शेडच्या बाबतीत कोणी अपहार केला होता, असे मानण्यास कसलाही आधार नव्हता. रक्कम आली, बांधकाम झाले, छायाचित्र पाठविले गेले, काम पूर्ण झाल्याची नोंद झाली. कागदोपत्री सर्व काही यथास्थित होते आणि तरीही गावाचा कचरा ओढ्यातच जात होता. सर्व नियम पाळूनही उद्दिष्ट साध्य होत नसेल, तर दोष केवळ व्यक्तींमध्ये न शोधता व्यवस्थेच्या रचनेत शोधावा लागतो. ग्रामस्वच्छतेच्या निधीसंबंधीचे उत्तरदायित्व आपल्याकडे खालून वर, म्हणजे ग्रामपंचायतीकडून शासनाकडे जाते. ते ज्यांच्यासाठी निधी येतो त्या ग्रामस्थांकडे वळत नाही. हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. दोन अनुसूचींमधील अंतर

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतराज संस्थांना आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. या दोन दुरुस्त्यांनी घटनेला जोडलेल्या अनुसूची शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर एक अर्थपूर्ण फरक दिसून येतो. नागरी संस्थांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत 'घनकचरा व्यवस्थापन' हे शब्द स्पष्टपणे आलेले आहेत. पर्यावरणाचे संरक्षण हाही त्यातील एक विषय आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत पिण्याचे पाणी आहे, सामाजिक वनीकरण आहे, 'आरोग्य व स्वच्छता' आहे. परंतु घनकचऱ्याचा वेगळा उल्लेख नाही.

यामागे त्या काळाची समजूत असावी. गावाचा कचरा म्हणजे शेण, पालापाचोळा, राख आणि खरकटे. तो उकिरड्यावर जातो आणि पावसाळ्यापूर्वी खत होऊन शेतात पडतो, असे चित्र गृहीत होते. ते एका मर्यादेपर्यंत खरेही होते. उकिरडा ही गावाची गैरसोय नव्हती, ती शेतकऱ्याची मालमत्ता होती. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, बियाण्यांची व कीटकनाशकांची वेष्टने, लहान मुलांचे डायपर यांनी हा उकिरडा निकामी केला. ज्या उकिरड्यात प्लास्टिक मिसळले, ते खत शेतकरी शेतात घालत नाही. अशा रीतीने जी वस्तू कालपर्यंत संपत्ती होती ती आज कचरा ठरली.

कायद्याने या बदलाची दखल उशिरा घेतली. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर २००० साली घनकचऱ्याचे पहिले नियम आले. ते नागरी संस्थांपुरतेच होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी आपली कक्षा जनगणना शहरे, नागरी समूह, तीर्थक्षेत्रे इत्यादींपर्यंत वाढविली; सर्वसाधारण खेडे तेव्हाही त्या कक्षेबाहेरच राहिले. मात्र त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतींवर जबाबदारी टाकली. म्हणजे गावातील प्लास्टिकसाठी ग्रामपंचायत जबाबदार ठरली, पण एकूण कचऱ्याच्या व्यवस्थेबाबत तिचे स्थान संदिग्धच राहिले. ज्या कर्तव्याची व्याख्या स्पष्ट नाही, त्याविषयी जाब विचारणेही कठीण होते.

२. पुरस्काराकडून बंधित निधीकडे

गेल्या पाव शतकातील धोरणाचे स्थूलमानाने दोन टप्पे पडतात. पहिला टप्पा स्पर्धेचा व पुरस्काराचा. तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने गावागावांत चढाओढ निर्माण केली. शासनाने पैसे द्यावेत आणि लोकांनी पाहावे, ही सवय मोडून लोकांनी आधी काम करावे आणि मग गौरव व्हावा, असा क्रम त्यात होता. हे त्या अभियानाचे श्रेय निःसंशय मान्य केले पाहिजे. पुढे २००३ साली केंद्र शासनाने निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला आणि महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी तो मोठ्या संख्येने मिळविला. २०१० साली पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली, तर २ ऑक्टोबर २०२० पासून पंचमहाभूतांच्या कल्पनेवर आधारलेले 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले.

या टप्प्याची मर्यादा पुरस्काराच्या स्वरूपातच होती. पुरस्कार एका विशिष्ट दिवशीच्या स्थितीला मिळतो, स्वच्छता मात्र रोजची असते. तपासणी समिती येण्यापूर्वीचा आठवडा आणि ती गेल्यानंतरचा महिना यांतील फरक ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ साली संपूर्ण स्वच्छता अभियान व निर्मल भारत अभियान यांचे कार्यमूल्यमापन लेखापरीक्षण सादर केले. त्यात पाहणी केलेल्या ठिकाणी ३० टक्क्यांहून अधिक वैयक्तिक शौचालये बंद अथवा निकामी आढळली. निकृष्ट बांधकाम, अपुरे काम आणि देखभालीचा अभाव ही त्याची नोंदविलेली कारणे होती. बांधकाम झाल्याबरोबर हिशेब संपतो आणि देखभालीचा हिशेब कोणीच मागत नाही, हेच यातून सिद्ध होते.

दुसरा टप्पा बंधित निधीचा. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५-२० या कालावधीसाठी ग्रामपंचायतींना २ लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली. महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमातून गावाने स्वतःचा आराखडा करावा, ही अपेक्षा याच काळातील. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. परंतु त्यातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली. बंधित रकमेचा निम्मा भाग पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संचय व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आणि निम्मा स्वच्छता व हागणदारीमुक्त स्थिती टिकविण्यासाठी होता. उरलेली ४० टक्के रक्कम स्थानिक गरजांसाठी वापरता येत होती, मात्र वेतन व आस्थापना खर्च त्यातून वगळलेला होता.

बंधित निधीच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद केला जातो. मोकळा निधी दिला की ग्रामपंचायती तो सिमेंटचे रस्ते, सभामंडप आणि प्रवेशकमानी यांवर खर्च करतात. गटार व कचरा यांकडे मते मिळत नसल्याने दुर्लक्ष होते, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद निराधार नाही. परंतु बंधनामुळे खर्चाचे शीर्ष निश्चित होते, खर्चाची उपयुक्तता निश्चित होत नाही. स्वच्छतेच्या शीर्षाखाली ठिकठिकाणी कचराकुंड्या बसविल्या आणि त्या रिकाम्या करण्याची सोय केली नाही, तरी निधी 'खर्ची' पडतो. शासनाला अपेक्षित असलेले उपयोगिता प्रमाणपत्र अशा खर्चासाठीही देता येते.

३. दरडोई साठ रुपयांचे गणित

स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यास फेब्रुवारी २०२० मध्ये मंजुरी मिळाली. घनकचरा व सांडपाणी व्यवस्थापन हा त्याचा गाभा होता. त्याच्या आर्थिक निकषांनुसार घनकचरा व्यवस्थापनासाठी ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला दरडोई कमाल ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला दरडोई कमाल ४५ रुपये देय होते. सांडपाण्यासाठी हेच दर अनुक्रमे २८० आणि ६६० रुपये होते. या रकमेपैकी ३० टक्के हिस्सा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून उचलावयाचा होता.

उदाहरणादाखल २००० लोकवस्तीचे गाव घेऊ. त्याला घनकचऱ्यासाठी जास्तीत जास्त १,२०,००० रुपये मिळू शकत होते; त्यातील ३६,००० रुपये ग्रामपंचायतीच्याच वाट्याचे, म्हणजे अभियानाचे प्रत्यक्ष साहाय्य ८४,००० रुपये. ही रक्कम एकदाच मिळणारी होती. आता घरोघरी जाऊन कचरा गोळा करणारी, तो वेगळा करणारी एक व्यक्ती नेमली आणि तिचे मानधन महिना ८,००० रुपये धरले, तर वर्षाचा खर्च ९६,००० रुपये होतो. याचा अर्थ असा, की एकाच व्यक्तीचे एका वर्षाचे मानधन अभियानाच्या एकरकमी साहाय्यापेक्षा अधिक आहे. गाडीचे इंधन, हातमोजे, दुरुस्ती यांचा विचार अजून केलेलाच नाही.

हा वार्षिक खर्च प्रामुख्याने घरपट्टी व पाणीपट्टी यांसारख्या स्वतःच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. ज्या गावाची वसुली चांगली, त्याची व्यवस्था टिकते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्या कुटुंबांना दळणासारख्या सोयी देऊन वसुली आणि सेवा यांची सांगड घातली, म्हणून ती वाखाणली गेली. परंतु कोरडवाहू पट्ट्यातील, हंगामी स्थलांतर होणाऱ्या गावाकडून हीच अपेक्षा कशी करावी? ज्या गावातील निम्मी घरे ऊसतोडणीसाठी सहा महिने बंद असतात, तेथे वसुलीचे आवाहन करणे सोपे आहे, वसुली करणे नव्हे.

येथे आणखी एका बाबीचा उल्लेख टाळता येत नाही. मानधनाची तरतूद नसली तरी काम थांबत नाही. ते कमी मोबदल्यात अथवा जुन्या गावगाड्याच्या दबावाने करून घेतले जाते. हे काम कोणत्या वस्त्यांतील माणसांच्या वाट्याला येते, हे ग्रामीण वाचकांना सांगावयास नको. म्हणून देखभालीच्या खर्चाचा प्रश्न केवळ लेखाशीर्षाचा राहत नाही, तो सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे.

४. शहराचा कचरा, गावाचा शिवार

आतापर्यंत गावाच्या स्वतःच्या कचऱ्याचा विचार केला. उत्तरदायित्वाची दिशा चुकल्याचे अधिक तीव्र रूप मात्र शहराचा कचरा गावाच्या हद्दीत येतो तेव्हा दिसते.

पुणे महानगरपालिकेचा कचरा नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून उरुळी देवाची व फुरसुंगी परिसरात टाकला जाऊ लागला. दुर्गंधी, माशा, आगी, दूषित झालेल्या विहिरी आणि टँकरच्या पाण्यावरील अवलंबन, या ग्रामस्थांच्या तक्रारी दोन दशकांहून अधिक काळ वृत्तपत्रांतून येत राहिल्या. कचऱ्याच्या गाड्या अडविण्याची आंदोलने झाली, आश्वासने मिळाली, मुदती उलटल्या. येथील मूलभूत अडचण अशी, की निर्णय घेणारी महापालिका या ग्रामस्थांच्या मतांवर निवडून येत नव्हती आणि ज्या ग्रामपंचायतीला ते निवडून देत होते, तिच्या हाती निर्णय नव्हता. २०१७ साली ही गावे महापालिकेत समाविष्ट झाली आणि पुढे २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. प्रशासकीय सीमा दोनदा बदलली; कचऱ्याचा डोंगर होता तेथेच राहिला.

तत्कालीन औरंगाबाद शहराचा अनुभवही असाच आहे. नारेगाव येथील डेपोवर तीन दशके कचरा पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये मांडकी व परिसरातील ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. पर्यायी जागेच्या शोधात ७ मार्च २०१८ रोजी मिटमिटा येथे गाड्या नेल्या असता उद्रेक झाला, दगडफेक झाली, पोलिसी बळाचा वापर झाला. तीस वर्षांच्या अर्जविनंत्यांनी जी जाग आली नाही, ती काही दिवसांच्या नाकेबंदीने आली. उत्तरदायित्वाचा सनदशीर मार्ग उपलब्ध नसेल तर लोक रस्ता अडवितात, हा यातील धडा आहे.

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने सामायिक घनकचरा प्रकल्पांसाठी पूर्वपरवानगीची व जनसुनावणीची तरतूद केली, ही जमेची बाजू होय. परंतु सुनावणी म्हणजे संमती नव्हे. नियमगिरी प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभेचे म्हणणे निर्णायक मानले. त्याला अनुसूचित क्षेत्र व वनहक्क कायदा यांचा आधार होता. शहरालगतच्या सर्वसाधारण गावाला असा आधार नाही.

दंडाची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये घनकचरा व सांडपाणी व्यवस्थापनातील त्रुटींबद्दल महाराष्ट्र राज्याला १२,००० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून मुख्य सचिवांच्या निर्देशांनुसार सुधारणांसाठी वापरावयाची होती. आदेशाचे गांभीर्य निर्विवाद आहे. तथापि शासनाने शासनाच्याच खात्यात भरावयाच्या या भरपाईत, ज्यांच्या विहिरी गेल्या त्या कुटुंबांचे स्थान कोणते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

५. ग्रामसभेचे स्थान

उत्तरदायित्वात तीन गोष्टी अभिप्रेत असतात : माहिती देणे, कारण सांगणे आणि चुकीचे परिणाम स्वीकारणे. आजच्या व्यवस्थेत ग्रामपंचायत संगणकीय प्रणालीवर माहिती भरते, पंचायत समितीला खुलासा देते आणि त्रुटी राहिल्यास पुढील हप्ता गमावते. तीनही गोष्टी आहेत, पण त्या वरिष्ठांप्रत आहेत. घटनेच्या कलम २४३-अ ने मान्यता दिलेल्या ग्रामसभेपुढे यांपैकी काय घडते? वर्षातून किमान चार सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. अनेक ठिकाणी लेखापरीक्षणातील आक्षेप त्या सभेत वाचलेच जात नाहीत. हप्ता थांबला तर त्याचे परिणाम भोगतात ते ग्रामस्थ. ज्यांनी चूक केली ते नव्हेत.

वरच्या स्तरावरही लोकप्रतिनिधित्वाची साखळी तुटलेली होती. मार्च २०२२ पासून राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. ज्या सभागृहात स्वच्छतेच्या निधीवर प्रश्न विचारले जावयाचे, ते सभागृहच अस्तित्वात नव्हते. ग्रामपंचायतीकडून बिनचूक माहितीचा आग्रह धरणाऱ्या शासनाने स्वतः निवडणुकांच्या बाबतीत इतका विलंब होऊ द्यावा, ही विसंगती नोंदविली पाहिजे.

ग्रामसभा हा सर्व दुखण्यांवरचा उपाय आहे, असा भाबडा दावा येथे करावयाचा नाही. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभा, घरोघरी फिरविलेली सह्यांची वही, स्त्रियांचे व दलित वस्त्यांचे दबलेले आवाज हे वास्तव आहे. परंतु जेथे निर्णय होत नाही आणि जाब मिळत नाही, त्या सभेला लोकांनी का यावे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. अधिकार दिल्याशिवाय उपस्थिती वाढत नाही आणि उपस्थिती नाही म्हणून अधिकार द्यावयाचा नाही, अशा चक्रात ग्रामसभा अडकलेली आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी सुचविता येतील.

१) स्वच्छतेच्या प्रत्येक बांधकामाला मंजुरी देतानाच किमान पाच वर्षांच्या देखभालीचा व मानधनाचा खर्च कोण करणार, हे नमूद असावे आणि कमी उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींना त्यासाठी स्वतंत्र अनुदान असावे.

२) कोणताही दर्जा वा पुरस्कार दिल्यानंतर दोन वर्षांनी पूर्वसूचना न देता फेरतपासणी व्हावी आणि तिचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा.

३) लेखापरीक्षणातील आक्षेप व त्यांवरील उत्तरे ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय ती निकाली काढली जाऊ नयेत.

४) शहराचा कचरा गावाच्या हद्दीत न्यावयाचा असल्यास ग्रामसभेशी मुदतबंद लेखी करार, वार्षिक मोबदला आणि मुदत संपताच जागा पूर्ववत करण्याचे बंधन असावे.

५) ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांत घनकचरा व्यवस्थापनाचा स्पष्ट समावेश करून त्याला निधीची जोड द्यावी.

यांपैकी तिसऱ्या सूचनेला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरीही तीच अमलात आणणे सर्वांत अवघड जाईल, असे वाटते. कारण तिच्यामुळे उत्तराची दिशा बदलते. शिबिरातील त्या विद्यार्थिनीला आम्ही त्या संध्याकाळी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नव्हतो. शेडला कुलूप का आहे, हा प्रश्न तिने आम्हांला विचारण्याऐवजी गावाने भर ग्रामसभेत विचारावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदले जावे, इतकी साधी गोष्ट ज्या दिवशी घडेल, त्या दिवसापासून ग्रामस्वच्छतेचा निधी खऱ्या अर्थाने गावाचा झाला, असे म्हणता येईल.